आठ तास झोप, आठ पेले पाणी

“वर्ग सुटू दे, मग माझं बघू.”

हे बाईंचं ठरलेलं बोलणं. डोकं दुखतंय तरी हेच, पाय सुजलेत तरी हेच, आणि धाकट्या बहिणीने फोनवर “डॉक्टरकडे गेलीस का गं?” असं विचारलं तरी हेच. वर्ग तर रोज सुटत होता. घंटा व्हायची, पोरं दाराशी दाटायची, चपलांचा गोंधळ उडायचा आणि बघता बघता पटांगण रिकामं व्हायचं. बाईंचं बघायचं मात्र राहूनच जायचं. वर्ग दारातून बाहेर पडला तरी त्यांच्या डोक्यातून बाहेर पडत नसे.

बाई चौथीला शिकवत. पोरं त्यांना ‘उभ्या बाई’ म्हणायची. वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर वह्यांचे गठ्ठे बसत. एकदा एका पोराने बाजारात बाईंना बाकावर बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगितलं, “काल बाई बसल्या होत्या!” कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. उलट खोटं बोलतो म्हणून मधल्या सुट्टीत त्याला खेळायला घेतलं नाही.

उभं राहायचं कारण साधं होतं. उभं राहिलं की शेवटच्या बाकावरचे हात दिसतात. बसलं की नुसती डोकी दिसतात, आणि पोरं काय करतात ते डोक्यांवरून कळत नाही. म्हणून बाई सकाळपासून उभ्या. खडूची पांढरी धूळ केसांवर बसे, भुवयांवर बसे, आणि घरी आल्यावर पदर झटकला की दारात पीठ सांडल्यासारखं दिसे. आवाज मूळचा गोड होता म्हणतात. आम्ही गल्लीतल्यांनी ऐकला तो घासलेला, जुन्या बिजागरीसारखा. पण पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

पाण्याची गोष्ट निराळी. बाई निघताना अर्धा कप चहा घेत आणि मग दिवसभर घसा कोरडा. शाळेचं स्वच्छतागृह पटांगणाच्या पार टोकाला. तिथं जाऊन यायचं म्हणजे वर्ग तेवढा वेळ वाऱ्यावर. पूर्वी एकदा त्या गेल्या होत्या, आणि परत येईपर्यंत दोन पोरांच्या झटापटीत एकाचा पुढचा दात बाकावर आपटून तुटला. पोराच्या आईने शाळेत येऊन विचारलं, “बाई, तुम्ही कुठं होतात?” काय सांगणार? तेव्हापासून बाईंनी पाण्याची वाटच बंद केली. बाटली रोज भरून आणत, टेबलावर ठेवत, आणि संध्याकाळी तशीच घरी नेऊन खिडकीतल्या कुंडीत ओतत. ती कुंडी मात्र सगळ्या गल्लीत हिरवीगार होती.

बाईंचे यजमान बसवर ड्रायव्हर. अंगाने भरलेले, बोलायला मोकळे, जन्मभर बसून काम केलेले. एक दिवसभर बसून थकलेला आणि एक दिवसभर उभी राहून थकलेली, अशी दोघं संध्याकाळी समोरासमोर आली की कोण जास्त थकलं यावर त्यांची बाचाबाची चाले. बाकी जोडपी पैशावरून भांडतात, ही पायांवरून भांडायची.

डेपोत एक पद्धत होती. सकाळी बसची चावी द्यायच्या आधी तिथली नर्स ड्रायव्हरच्या दंडाला पट्टा गुंडाळायची आणि रक्तदाब मोजायची. जास्त निघाला तर चावी नाही. मग कितीही आरडाओरडा करा. एके दिवशी ड्रायव्हर सकाळीच परत आले. रविवार होता, बाई घरीच होत्या.

“का हो, इतक्यात?”

“प्रेशर वर गेलंय. सिस्टर म्हणाली, घरी जा आणि झोपा.”

“आणि तुम्ही निमूट आलात?”

“भांडलो आधी. भांडल्यावर तिनं परत मोजलं, तर आणखी वर. मग आलो.”

बाई हसल्या. मग वह्यांवरची नजर न उचलता म्हणाल्या, “तुमच्या मागं पन्नास माणसं बसतात म्हणून तुमचं प्रेशर बघतात. माझ्यापुढं चाळीस पोरं बसतात, माझं कोण बघतं?”

“तुझी पोरं पडली तर कपडे झटकून उठतात. माझी बस पडली तर पेपरात येतं.”

यावरही दोघं हसली. पण बाईंचं हसू जरा लवकर संपलं. ते ड्रायव्हरना दिसलं नाही, कारण ते सिस्टरचं ऐकून आडवे झाले होते आणि घोरायलाही लागले होते. झोपेचं त्यांना वरदान होतं. बसच्या टपावर टाकलं तरी झोपले असते.

बाईंची झोप कुठे गेली ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. पहिली बस काढायला ड्रायव्हर पहाटे उठत, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला, आणि बाई ओट्याला टेकून वह्या तपासतायत.

“अगं, झोपलीस कधी?”

“आत्ताच उठले.”

ते विश्वास ठेवत. शिक्षकांच्या घरात लाल पेन आणि वही दिसली की सगळं ठीक आहे असंच वाटतं. त्यांना दिसत नसे ते हे, की वही तीच, पान तेच, आणि पेन उघडून हातात तसंच. छातीत धडधडायला लागलं की पडून राहवत नसे, म्हणून त्या उठत. आणि उठलंच आहे तर वह्या घेत. सुट्टीच्या दिवशी ऊन कललं की त्यांना घास गिळवत नसे. उद्या वर्ग. वर्गाची भीती नव्हती, पोरांवर तर जीव होता. मग ही कशाची धडधड, हे त्यांना कुणाला विचारायची सोय नव्हती. सगळ्या गल्लीतली माणसं स्वतःच्या अडचणी बाईंनाच विचारायला येत.

अशात आरोग्य खात्याची एक पाहणी निघाली. हेडसरांनी सगळ्यांना शिक्षकांच्या खोलीत बोलावून सांगितलं.

“आपल्या भागातल्या सगळ्या कामाच्या ठिकाणी माणसं येऊन विचारणार आहेत. बस डेपो, पावाचा कारखाना, इस्पितळाचं धुलाईघर आणि आपली शाळा. खाता काय, झोपता किती, मन कसं असतं. जिथं हाल जास्त निघतील, तिथं आठवड्यातून एक दिवस डॉक्टर येऊन बसणार. आणि मनातलं ऐकून घेणारं एक माणूसही देणार आहेत.”

दुसरं कुणी असतं तर त्याने या सगळ्यात ‘डॉक्टर’ हा शब्द ऐकला असता. शिक्षकांनी ‘विचारणार आहेत’ एवढंच ऐकलं.

त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. जन्मभर प्रश्न विचारून त्यांच्या मनात उत्तरांच्या दोनच जाती उरतात, बरोबर आणि चूक. आणि बाहेरून कुणी वही-पेन घेऊन शाळेत आलं की ती तपासणी. तपासणीला काय करायचं, हे बाईंइतकं कुणाला माहीत? भिंती पुसायच्या, तक्ते लावायचे, पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची. बाई सगळ्यांत ज्येष्ठ. शाळेची इज्जत त्यांना स्वतःच्या पदरासारखी वाटे. त्यांनी त्याच संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर चौथीच्या पुस्तकातला ‘निरोगी सवयी’चा धडा लिहून काढला. आठ तास झोप. आठ पेले पाणी. वेळेवर जेवण, सावकाश चावून. रोज मोकळ्या हवेत फिरणे. मन प्रसन्न ठेवणे. इतकी वर्षं शिकवलेला धडा, पुस्तकाची गरजच नव्हती.

“हं, धाकट्या बाई. झोप किती?”

धाकट्या बाई म्हणजे शेजारच्या वर्गाच्या. नोकरीत अजून पक्क्या व्हायच्या होत्या. बाईंना ताई म्हणत.

“कुणाची, ताई?”

“तुमची.”

“खरी सांगू?”

“धड्यातली सांगा.”

सगळे हसले. चित्रकलेचे सर मागून म्हणाले, “ताई, मन प्रसन्न आहे का असं विचारलं तर नुसतं हो म्हणायचं, का हसून हो म्हणायचं?”

“तुम्ही नुसतंच म्हणा. तुम्ही हसलात की तुम्हाला काय झालं म्हणून विचारत बसतील.”

पुन्हा हशा. दिवसभराच्या शिणवट्यानंतर त्या खोलीत इतकं हसणं फार दिवसांनी झालं होतं. एकामागून एक सगळ्यांनी उत्तरं म्हणून दाखवली. कुठे अडखळलं तर बाई सुधारायच्या. “सात नव्हे, आठ. सात म्हटलंत की पुढं ‘का’ म्हणून विचारतील.”

सगळे गेल्यावर धाकट्या बाई मागे राहिल्या. फळा पुसायच्या निमित्ताने त्या पाठमोऱ्याच बोलल्या.

“ताई, घंटा व्हायच्या आधी मला वर्गात जावंसंच वाटत नाही. कधी कधी स्वच्छतागृहात जाऊन रडून येते. तोंड धुते आणि वर्गात जाते. हे सांगितलं तर नाही का चालणार?”

बाईंनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “अगं, हे आपल्याआपल्यात. बाहेर कळलं तर म्हणतील, हिला पोरं आवरत नाहीत. पक्की व्हायची आहेस अजून. मला होतं ते मी सांगते का कुणाला?”

“तुम्हालाही होतं?”

बाईंना कळलं, एक वाक्य जास्त झालं. “चल, उशीर होतोय,” एवढंच म्हणून त्यांनी पर्स उचलली.

पाहणीला जी सिस्टर आली ती डेपोतलीच. तिच्याकडे सगळी कामं एकदम आली होती आणि वेळ थोडा होता. बाईंना मोकळा तास नव्हता, म्हणून तिने वर्गातच टेबलाशी उभं राहून विचारलं. पोरांना गणितं घातली होती.

“बाई, झोप किती तास होते?”

चाळीस पेन्सिली थांबल्या. बाईंना ते न बघता कळलं. हाच धडा त्यांनी याच पोरांना शिकवला होता.

“आठ तास.”

पुढच्या बाकावरच्या मुलीने मान डोलावली. बरोबर.

“पाणी?”

“आठ पेले.”

“जेवण?”

“वेळेवर. सावकाश, चावून.”

“मन कसं असतं?”

“प्रसन्न.”

मागच्या बाकावरून कुणीतरी हलकेच म्हणालं, “बाईंना सगळं पाठ आहे.”

सिस्टरने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. ती गळ्यापर्यंत भरलेली होती आणि शाळा सुटायला आली होती.

“ही बाटली सकाळची का?”

“छे, आत्ताच भरून आणली.”

“आत्ताच? मी हात धुवायला गेले तर नळाला पाणी नव्हतं.”

बाईंनी बाटली टेबलाच्या कडेला सरकवली. मग म्हणाल्या, “शेजारून आणवली.”

सिस्टर थकलेली होती, पण मूर्ख नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही सांगाल तेच मला धरावं लागतं, बाई.”

“मग धरा की,” बाई म्हणाल्या, आणि वर्गाकडे वळल्या. “कुणाची उत्तरं आली?”

तिकडे डेपोत काय झालं ते ड्रायव्हरनी घरी येऊन रंगवून सांगितलं. “मी तर सगळं बाहेर काढलं. कंबर, गुडघे, पोट, डोळे. मग सिस्टर म्हणाली, मनाचं सांगा. म्हटलं, घरी मास्तरीण आहे, रोज परीक्षा असते. आणि आमचा तो लांबट्या कंडक्टर! त्यानं स्वतःचं सांगून झाल्यावर मावशीचं दुखणंही सांगून टाकलं. म्हणे एवढं विचारतायत तर कशाला राहू द्यायचं?” पावाच्या कारखान्यातल्यांनी भट्टीची धग सांगितली, पाळ्यांनी झोप मोडते ते सांगितलं. धुलाईघरातल्या बायकांनी हात पुढे करून भेगा दाखवल्या. कुणालाच लाज वाटली नाही. दुखतं ते दुखतं, त्यात चूक-बरोबर काय?

काही आठवड्यांनी निकाल आला. झोपेत शाळा पहिली, आहारात पहिली, मनाच्या प्रसन्नतेत तर फारच पुढे. हेडसरांनी सकाळी पटांगणात पोरांसमोर सांगितलं, “सगळ्या कामकऱ्यांमध्ये आपले शिक्षक सर्वांत निरोगी आहेत!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनीही वाजवल्या. बाईंनी रांगेत बाजूला पाहिलं, तर धाकट्या बाई बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवत होत्या, आवाज येऊ नये अशा.

डॉक्टर डेपोला मिळाला. मनातलं ऐकणारं माणूसही तिकडेच गेलं.

“अभिनंदन!” ड्रायव्हर घरात शिरता शिरता म्हणाले. “इतकी वर्षं मी एवढ्या सुखी बाईबरोबर राहतोय आणि मला पत्ताच नाही!”

बाई दिवसभराची बाटली खिडकीतल्या कुंडीत ओतत राहिल्या. एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या. ड्रायव्हर हातपाय धुवायला गेले, परत आले, तरी त्या खिडकीशी तशाच.

मग त्यांचं दुखणं वाढत गेलं. लघवीला जळजळ व्हायची, ती त्यांनी अंगावर काढली. कणकण यायची, तिच्यावर एक गोळी टाकायची आणि वर्गात उभं राहायचं. फळ्यावरचं अक्षर, जे बघून कितीतरी वर्षांची पोरं अक्षर वळवायला शिकली, ते ओळ सोडून खाली उतरायला लागलं. बाई ते पुसत आणि परत लिहीत. परीक्षा तोंडावर होती. आत्ता कुठलं दुखणं?

आणि मग तो दिवस आला.

दुपारचा तास. बाई फळ्यावर उदाहरण लिहायला वळल्या. तारीख लिहिली, उदाहरणाचा पहिला आकडा लिहिला, आणि थांबल्या. मागे वळायचं होतं. पाय वळेनात. पाठीमागे चाळीस चेहरे आहेत, आपण वळलो की ते आपल्याकडे बघणार, आणि एकाचंही नाव आपल्याला आठवत नाही, असं त्यांना वाटलं. खडू फळ्याला टेकवलेला तसाच राहिला.

पोरांना वाटलं, ही नवी परीक्षा आहे. कोण किती गप्प बसतं ते बाई बघतायत. म्हणून ती गप्प बसली. चाळीस पोरं हाताची घडी घालून बसली, शिंक आली तरी दाबून बसली. बाईंच्या या परीक्षेत जिंकायचंच, अशा ईर्ष्येने बसली. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या, आणि वर्गात पान हललं नाही.

दोन वर्गांच्या मध्ये लाकडी सरकती भिंत होती. पलीकडचा खोकला अलीकडे ऐकू यायचा. धाकट्या बाईंना आधी बरं वाटलं, आज ताईंचा वर्ग शांत आहे. मग आणखी वेळ गेला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पोरं एवढी गप्प कधी नसतात. आणि ताईंचा आवाज? त्यांनी आपल्या वर्गाला वाचायला लावलं आणि धावत आल्या.

“ताई?”

धाकट्या बाईंनी त्यांच्या बोटांतून खडू सोडवून घेतला. बोटं एकेक करून उघडावी लागली. मग खांद्याला धरून त्यांना दाराकडे नेलं, पोरांकडे पाठ राहील अशा बेताने.

“बाई, आम्ही जिंकलो?” एका पोराने विचारलं.

“हो,” धाकट्या बाई म्हणाल्या. “वाचा आता.”

ड्रायव्हरनी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि बायकोला डेपोतल्या डॉक्टरकडे नेलं. तिथं घरच्यांनाही तपासत. बाकावर ड्रायव्हर, कंडक्टर, गाड्या धुणाऱ्या बायका बसल्या होत्या. लांबट्या कंडक्टरने उठून जागा दिली. “बसा वहिनी. अहो, तुम्ही तर पहिला नंबर ना? इकडं कशा?” ड्रायव्हरनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

आत तीच सिस्टर. तिने ओळखलं, पण दाखवलं नाही. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून डॉक्टरांकडे पाहिलं आणि तेच विचारलं.

“झोप किती तास होते, बाई?”

बाईंच्या तोंडाशी ‘आठ’ आलं. ड्रायव्हर शेजारी उभे होते. ते एकदम म्हणाले, “खरं सांग हं. इथं कुणी पोरं नाहीत.”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे झोप कधी लागते, कधी मोडते, मला कळतच नाही. आडवी होते, मग वर्ग घेते. मनातल्या मनात. हजेरीपासून.”

एवढं बोलल्या आणि बोलतच राहिल्या. पाणी, जळजळ, धडधड, सुट्टीच्या दिवशी न उतरणारा घास, फळा, सगळं. ड्रायव्हर खुर्ची ओढून खाली बसले. आपण रोज पहाटे हिला उठलेली बघत होतो की जागी, हे त्यांना आता कळत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, लघवीचा आजार मुरलाय, मूत्रपिंडावर आलं तर जड जाईल. औषध, पाणी, महिनाभर पूर्ण विश्रांती, आणि दर आठवड्याला मनाचं ऐकणाऱ्या माणसाकडे येऊन बसायचं. वर्गात पाऊल टाकायचं नाही.

निघताना बाई सिस्टरपाशी थांबल्या. “आमच्या शाळेत तुम्ही परत विचारायला याल का?”

“आपणहून नाही येता येत. शाळेनं बोलावलं तर येईन. नाहीतर तुम्हीच खात्याच्या ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलंत, की ती उत्तरं खरी नव्हती, तर ते परत पाठवतील कदाचित.” सिस्टर थोडी थांबली. “पण मग ती उत्तरं कुणी शिकवली, हेही विचारतील. त्याचं पुढं काय होईल ते मला सांगता येणार नाही.”

सोमवारी बाई रजा सांगायला शाळेत गेल्या. शिक्षकांच्या खोलीत सगळे होते. त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आजार सांगितला, फळ्याचं सांगितलं, डॉक्टर आपल्याकडे यायला हवा होता तो माझ्यामुळे तिकडे गेला, हेही सांगितलं. “सर, शाळेतर्फे त्यांना परत बोलवा. या वेळी प्रत्येकानं आपलं आपलं सांगायचं.”

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. “ताई, पहिला नंबर आलेली शाळा कधी परत परीक्षा मागते का?”

“नक्कल करून आलेला असेल तर मागावी.”

“अहो, पटांगणात पोरांसमोर जाहीर केलंय मी! आता जाऊन म्हणू, आमचे शिक्षक खोटं बोलले? पालक काय म्हणतील? तुम्ही विश्रांती घ्या. पुढच्या वर्षी बघू.”

कुणी ‘मलाही होतं’ म्हणेना. बाईंनी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या डब्यांकडे पाहिलं.

मग धाकट्या बाई बोलल्या. “धडा तर तुम्हीच घेतला होता, ताई.”

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

“हो. मीच घेतला.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. सांगू का म्हणून.”

“हो गं. विचारलं होतंस.”

हेडसरांनी घाईने विषय बदलला. “वर्गाची काळजी करू नका. मधली भिंत सरकवू. धाकट्या बाई दोन्ही वर्ग बघतील. महिन्याचाच तर प्रश्न आहे.”

बाईंनी मान वर केली. भिंत सरकवली की ऐंशी पोरं. ऐंशी वह्या. आणि घंटेआधी जी रडून येते ती पोरगी त्या ऐंशींच्या पुढे.

“मग मी रजा घेत नाही,” त्या म्हणाल्या. “औषध घेऊन येईन. बसून शिकवीन.”

“नका, ताई.” धाकट्या बाईंचे डोळे भरले होते, पण रागही गेला नव्हता. “तुम्ही गेला नाहीत तर मला कधी जाता येणार? इथं कुणी आजारी पडतच नाही, हे किती दिवस चालवायचं?”

याचं उत्तर फळ्यावर लिहून देण्यासारखं नव्हतं. बाईंनी रजेचा अर्ज हेडसरांपुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाने लाकडी भिंत सरकवली. कित्येक वर्षांत ती हलली नव्हती. करकरली, अडकली, मग एकदम सुटली आणि दोन्ही वर्गांतली पोरं एकमेकांकडे बघून ओरडली. निरोप घ्यायला आलेल्या बाईंनी दारातूनच आपल्या पोरांना सांगितलं, की बाकं जोडून बसा आणि धाकट्या बाईंना त्रास देऊ नका. एकीने विचारलं, “बाई, तुम्हाला काय झालंय?” नेहमीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, काही नाही. या वेळी म्हणाल्या, “मी आजारी आहे. झोप येत नाही, आणि खूप दिवस पाणी प्यायले नाही.” वर्ग चक्रावला. पुढच्या बाकावरच्या मुलीने तर शेजारणीकडे पाहिलं, बाई चुकल्या की काय म्हणून.

व्हरांड्यात हेडसर उभे होते. “सरळ घरी जा, ताई. ड्रायव्हरसाहेब वाट बघत असतील. आणि ते खात्याचं वगैरे डोक्यात आणू नका. इतक्या वर्षांची नोकरी, आता शेवटी शेवटी कशाला नावाला डाग?”

“त्यांना सांगितलंय, यायला उशीर होईल म्हणून,” बाई म्हणाल्या.

त्या पायऱ्या उतरल्या. पाय सुजलेले, म्हणून चाल संथ. पटांगण ओलांडायला त्यांना वेळ लागला. फाटकापाशी उजवीकडे घराची वाट, डावीकडे चढाचा रस्ता, जो पावाच्या कारखान्यावरून आरोग्य खात्याच्या ऑफिसकडे जातो. बाई फाटकाला हात टेकवून थोडं थांबल्या, दम घेतला, आणि डावीकडे वळल्या. चढावर त्यांची पाठ अर्धवट दिसत राहिली, मग कारखान्याच्या भिंतीआड गेली.

धाकट्या बाई तोवर दारात उभ्या होत्या. मागे ऐंशी पोरांचा कालवा चढत चालला होता, कुणीतरी त्यांना हाका मारत होतं, पण त्या कारखान्याच्या भिंतीच्या कोपऱ्याकडेच बघत राहिल्या.